उघाडीची किल्ली

४ मे, रविवार

ही वही नवऱ्याने, आशुतोषने, आणून दिली. "जे मला रोज सांगतेस ते हिला सांग. हिला सकाळी ऑफिसची बस पकडायची नसते," म्हणाला. एकोणीस वर्षं तुर्भ्याच्या पॅकहाऊसमध्ये मी लोकांच्या भेंडीत खोट काढली, आता घरच्या माणसाने माझ्या बोलण्यात काढली. चालायचंच.

तर नोंद. काल चौसष्ट एकर खारजमिनीचा ताबा मिळाला. द्रोणागिरीच्या पलीकडे, खाडीला लागून, अकरा घरांची जमीन. बाहेरच्या बांधावर उभं राहिलं की एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला लांबवर कंटेनरच्या चळती आणि मधे ही पांढुरकी जमीन, जिच्यात सहा-सात वर्षं कोणी धड पेरलेलं नाही. मला हिच्यात भात घ्यायचाय, भाताच्या पाण्यात जिताडा मासा, आतल्या बांधांवर शिराळी आणि शेवगा. सगळं पर्माकल्चरने, म्हणजे निसर्गाच्या चालीने, रसायनं न मारता. बाल्कनीत आणि दोन गुंठ्यांत हौस करणारे पुष्कळ आहेत. चौसष्ट एकरांत, नफ्यात, टेम्पो भरून माल निघेल असं करून दाखवणारं माझ्या माहितीत कोणी नाही.

करार फक्त या पावसाळ्याचा आहे. अकरा घरांच्या वतीने गोटीरामदादा बोलतात. ते म्हणाले, "दसरा झाल्यावं आमी सगली येऊ बगायला. रान उभं दिसलं तं दहा वर्सं तुजी. नाय तं ती कंटेनरवाली पार्टी दोन वर्सं टपून बसलीय, तिला देऊन मोकली होऊ."

म्हणजे पाच महिने. पर्माकल्चरच्या कोर्सच्या पहिल्या पानावर पहिलं तत्त्व होतं, जमिनीत हात घालण्याआधी एक वर्ष नुसतं बघा. सरांनी ते दोनदा वाचून घेतलं होतं. वर्ष आहे कोणाकडे? आणि मी दुष्काळी माण तालुक्यातली. पाणी कसं अडवायचं हे मला बघून शिकावं लागत नाही. माझे वडील, अण्णा, श्रमदानाला आम्हा पोरांना टेकडीवर न्यायचे आणि म्हणायचे, धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, थांबलेल्याला मुरवा. कोर्समध्ये तेच शिकवलं, फी घेऊन.

११ मे, रविवार

मशीनने चर खोदून घेतले. समपातळीत, वळणावळणाचे, सगळे एकमेकांना जोडलेले. वरून फोटो काढला तर रांगोळीसारखं दिसतं. पावसाचा एक थेंब आता खाडीत जाणार नाही.

जायला जागा एकच होती, ती म्हणजे उघाडी. बाहेरच्या बांधात दगडी मोरी आहे, तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. भरती आली की खाडीच्या रेट्याने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मी आतल्या बाजूला लोखंडी पत्रा बसवून घेतला. साखळी, कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये.

उघाडीची राखण वेणूबाई करतात. साठीच्या असतील, काष्टा घट्ट, बोलणं कमी. जमिनीत त्यांचा एक गुंठाही नाही. त्या पत्र्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, पानी कोंडलंस तं जमीन गोडी कशी व्हईल? पयल्या पान्यानं खार धुवून काराचा, वाट देवाची त्याला."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पाणी मुरलं की गोड्या पाण्याचा थर तयार होतो, तो खाऱ्या पाण्याला खाली दाबतो. माझ्याकडे आकृती होती. त्यांनी आकृती सरळ धरली का उलटी ते मी पाहिलं नाही.

१८ मे, रविवार

आज कोडं उलगडलं. वेणूबाईंना पाणी सोडायची एवढी घाई का, ते गोटीरामदादांनी सहज बोलता बोलता सांगितलं. उघाडीवाल्याला गाव पगार देत नाही. ओहोटीला मोरीच्या तोंडाशी पिशवीसारखं लांब जाळं लावायचं, त्याला इथे बोकशी म्हणतात. आतल्या पाण्याबरोबर येईल ती मासळी उघाडीवाल्याची. कोळंबी, निवट्या, बोय, चिंबोऱ्या. सकाळी फाट्यावर टोपली घेऊन बसायचं. पाणी जितकं जास्त सोडाल तितकी टोपली जड.

बघा. जो माल निवडतो त्यानेच तो विकत घ्यायचा नाही, हा पॅकहाऊसचा पहिला नियम. मी लगेच निर्णय घेतला.

"वेणूबाई, एक तारखेपासून तुम्हाला महिन्याचा पगार."

"कसला?"

"उघाडी सांभाळायचा."

"नि मासली?"

"मासळी आता आत राहणार. आपले जिताडे सोडायचेत."

त्यांनी एकदा खाडीकडे बघितलं. मग "बरं" म्हणाल्या. मला वाटलं होतं भांडतील. पगार सगळ्यांनाच आवडतो.

२५ मे, रविवार

वेणूबाईंनी बोकशी आणून माझ्या पुढ्यात टाकली. "मना आता काय कामाची?" त्यांच्या मालकांनी दोन पावसाळे बसून विणलेली, म्हणे. मजबूत आहे. मी ती उसवून शिराळीच्या वेलांना मांडव म्हणून ताणली. टाकाऊतून टिकाऊ. फोटो कोर्सच्या ग्रुपवर टाकला तर सरांनी स्वतः अंगठा दिला.

८ जून, रविवार

चर भरले. काठोकाठ. अण्णा असते तर चप्पल काढून उभे राहिले असते.

उघाडीजवळ एक चौकोनी दगड आहे, त्यावर बसून डबा खाल्ला. वेणूबाई बाजूला उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. बोट बुडवून चराचं पाणी जिभेला लावलं आणि थुंकल्या. मी खारटपणा मोजायचा मीटर लावला, आकडा तीन. चार-पाचपर्यंत हे भात सोसतं, आठच्या वर जळतं. आकडा दाखवला. "यो आता पाऊस बोलतोय," म्हणाल्या, "जमीन मंग बोलंल."

२९ जून, रविवार

लावणी संपली. चाळीस बाया, नऊ दिवस. जिताड्याची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली. संध्याकाळी बांधावरून सगळं हिरवं, मधे मधे आभाळाचे तुकडे. आशुतोष पहिल्यांदाच आला, बूट हातात घेऊन. म्हणाला, "राजे, हे सगळं तू केलंस?" मी हो म्हटलं. मग तो बूट बांधावर ठेवून चिखलात उतरला.

११ जुलै, शुक्रवार

मीटरवर पाच. मीटर बिघडला असावा. नवीन मागवला.

१९ जुलै, शनिवार

नवीन मीटरवरही साडेपाच.

आठवडा झाला पाऊस नाही. चरांतलं पाणी हातभर खाली गेलंय आणि काठावर पांढरी रेघ उमटलीय. सरांना विचारलं, ते म्हणाले धीर धरा, परिसंस्था बसायला वेळ लागतो. सरांची जमीन पुण्याजवळ माळावर आहे. हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं, आणि मी ते लगेच डोक्यातून काढून टाकलं.

एक बारीक गोष्ट. डबा खायला गेले तर तो दगड ओला. चिखलाने माखलेला. पाऊस नसताना. दुसरीकडे बसले.

२४ जुलै, गुरुवार

मधल्या वीस एकरांत पात्यांची टोकं पिवळी. जवळून पाहिलं तर टोकं कुरतडल्यासारखी, करपलेली. आकडा सात.

गोटीरामदादा आले. बांधाच्या टोकाला एक पांढरी गाडी उभी होती, काच खाली करून कोणीतरी फोटो काढत होतं. दादा म्हणाले, "मी नाय बोलावला त्याला. पन येतात. वास लागतो त्यांना." मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. दादा "हां" म्हणाले. त्यांचा तो "हां" मी घरी येईपर्यंत ऐकत होते.

भीती वाटते. हे इथेच लिहिते, बाहेर कोणाला सांगणार नाही. नोकरी सोडताना साहेब म्हणाले होते, जागा ठेवतो. मी तेव्हा हसले होते.

२ ऑगस्ट, शनिवार

चांगली बातमी. उघाडीला लागून जे नऊ-दहा एकर आहेत तिथलं भात काळंभोर हिरवं आहे. आकडा साडेतीन. बाकी शेतात सात-आठ, आणि तिथे साडेतीन.

दुपारभर विचार केला आणि कारण सापडलं. त्या पट्ट्यात मी पेंढ्याचं आच्छादन जाड घातलं होतं. बाकी ठिकाणी पेंढा कमी पडला म्हणून पातळ. आच्छादन. साधी गोष्ट. ग्रुपवर सविस्तर लिहिलं, आकड्यांसकट. परवा पेंढ्याच्या चार गाड्या येतील.

वेणूबाईंना म्हटलं, बघा आच्छादनाची कमाल. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. "हां, हिरवा हाय," म्हणाल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. गाव खाडीवर नारळ वाहायला गेलं, मी पेंढा पसरत होते. नवीन आच्छादनाखाली चार-पाच दिवसांत काहीच फरक नाही. उलट मधल्या तुकड्यात आकडा आठ. उघाडीचा पट्टा मात्र तसाच, मजेत.

मला काहीतरी दिसत नाहीये. चिडचिड होते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अजून रागातच लिहितेय.

रोज मी नऊला पोहोचते. आज पेंढ्याची गाडी लवकर येणार म्हणून साडेसातला पोहोचले. उघाडीशी पाण्याचा आवाज येत होता. वेणूबाई कमरेइतक्या चिखलात उभ्या. पत्रा साखळीला जेवढा ढिलेपणा आहे तेवढा, वीतभर वर उचललेला, आणि खाली तो माझा डबा खायचा दगड. फटीतून पाणी जोरात खाडीकडे चाललेलं. माझं पाणी.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. चोरी हा शब्द वापरला, तो लिहिते, कारण तो लिहायलाच हवा. "बोकशी कुठे लपवलीत? मासे कुठे विकता?"

त्या चिखलातून वर आल्या. "बोकशी तुज्या शिरालीवर हाय."

ती तिथेच होती. वेलांनी गच्च.

"मग हे कशासाठी?"

त्यांनी लुगड्याचा ओला काठ पिळला.

"वेणूबाई, मी तुम्हाला पगार कशाचा देते?"

"उघाडी सांबालाचा."

"मग?"

"मंग सांबालतंय ना."

मी दगड उचलून गाडीत टाकला आणि घरी घेऊन आले. दगड घरी आणणं म्हणजे काय, मला माहीत नाही. आता तो स्वयंपाकघरात गॅसशेजारी आहे. आशुतोषने विचारलं हा कोण. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जून महिन्यापासून रोज, प्रत्येक ओहोटीला, एक मासा न घेता?" मी म्हटलं, प्रश्न शिस्तीचा आहे. त्याने दगडाकडे बघितलं आणि दुधाचं पातेलं खाली उतरवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

झोप नाही. सकाळी मीटर घेऊन उघाडीपासून सुरुवात केली आणि मधल्या तुकड्यापर्यंत दर पन्नास पावलांवर आकडा घेतला. साडेतीन, चार, साडेचार, साडेपाच, सात, आठ. पेंढा कुठे जाड, कुठे पातळ, आकड्याला देणंघेणं नाही. वीतभर फटीने जिथपर्यंतचं पाणी ओढलं गेलं तिथपर्यंत भात जिवंत आहे. बाकी सगळीकडे मी खार कोंडून ठेवलाय, वळणावळणाच्या रांगोळीत.

माणात पाणी जातं म्हणून रान मरतं. इथे जात नाही म्हणून. एवढंच होतं. हे त्यांनी मला अकरा मेला सांगितलं होतं, मी मागे जाऊन वाचलं.

वेणूबाईंच्या घरी गेले. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "आता काय करायचं?" त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "चर सरल कर. सगले उघाडीकडं. मंग पाऊस होवा, नि मंग मोठी ओहोटी. तिन्ही संग आली तं वाचंल."

मशीन बोलावलं. अण्णांच्या वाक्याचे बांध मी स्वतः उभं राहून फोडून घेतले. किल्ली मात्र दिली नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. मासे बाहेर जातील म्हणून, असं स्वतःला सांगितलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस आला तो असा की दोन दिवस बांध दिसत नाहीत. शेतात मांडीइतकं पाणी, भाताचे नुसते शेंडे वर. पत्रा पूर्ण वर केला तरी पाणी जागचं हलत नाही.

वेणूबाई म्हणाल्या, भांग आहे. अष्टमीनंतरचे तीन-चार दिवस भरती मोठी नसते तशी ओहोटीही मोठी नसते, खाडी उतरतच नाही. आत-बाहेर पाणी सारखंच. "अवसेच्या उधानाला खाडी पार तलाला जाईल. शनवारी. तवर उभं रावाला होवं भात."

चार दिवस. भात पाण्याखाली किती दिवस टिकतं हे मी तीन जणांना विचारलं. तिघांनी तीन आकडे सांगितले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शेंडेही बुडाले, मधल्या तुकड्यात. आपले जिताडे सगळ्या शेतभर फिरताहेत, वीतभर लांब झालेत. तुर्भ्याच्या व्यापाऱ्याने भाताआधी मासेच धरलेत, पहिल्या वर्षाचा नफा त्यांच्यावरच आहे. शनिवारी उघाडी उघडली की तेही पाण्याबरोबर खाडीत जाणार. न उघडली तर भात जाणार आणि भातामागे करार. म्हणून परवापर्यंत पत्रा खाली टाकून कुलूप लावून आले. निदान तेवढे दोन दिवस मासे माझे.

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

ओहोटी दुपारी साडेबाराला लागणार, सहापर्यंत खाडी तळाला. मी अकराला कामोठ्याहून निघाले. गव्हाण फाट्याच्या अलीकडे ट्रेलर आडवा झालेला. साडेबारा वाजले, एक वाजला, मी त्याच जागी. किल्ली पर्समध्ये. वेणूबाईंकडे फोन नाही. गोटीरामदादांना लावला. त्यांच्या मागे बरीच माणसं बोलत होती.

"आमी सगली उघाडीवंच हाव. खाडी उतरतेय. टाला तोडू का?"

"तोडा."

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग दादा म्हणाले, "वेनू नको बोलते. टाला तुजा हाय, तूच ये बोलते."

गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि एका बाईकवाल्याला हात केला. चिखलात चालत बांधावर पोहोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. सव्वादोन तासांची ओहोटी माझ्या पर्समध्ये वाया गेली. बांधावर निम्मं गाव होतं, सगळ्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली. कोणीतरी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी किल्ली काढली, कुलपाकडे न जाता वेणूबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती बघितली आणि विचारलं, "नि जितारे?"

"जाऊ देत."

"कशाला जाऊ देत? बोकशी कार."

शिराळीचा मांडव. शेतात एवढं एकच पीक होतं जे बिनतक्रार आलं होतं. दोन दिवसांनी पहिला मोठा तोडा होता. मी आधी विळा घेतला, मग दुसऱ्या बायांनी घेतला, आणि आम्ही वेल मुळापासून कापून जाळं मोकळं केलं. कोवळ्या शिराळ्या पायाखाली फुटत होत्या. जिथे मी उसवलं होतं तिथे दोघी म्हाताऱ्या बसून दोरीने सांधत गेल्या. साडेतीनला बोकशी मोरीच्या तोंडाला बांधली. वेणूबाईंनी कुलूप काढलं.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बांध पायाखाली हलत होता. दर काही मिनिटांनी बोकशीचं शेपूट चार जण ओढून वर घ्यायचे, मासळी टोपलीत, टोपली हातोहात बांधामागच्या गावतळ्याकडे, जिताडे जिवंत ठेवायला. गोटीरामदादा हाफ पँटमध्ये कमरेइतक्या पाण्यात. वेणूबाई टोपलीत हात घालून निवडत होत्या, जिताडा या बाजूला, कोळंबी-निवट्या त्या बाजूला. मधेच थांबून माझ्याकडे बघितलं, विचारल्यासारखं.

"ती तुमचीच," मी म्हटलं.

"ठाव हाय," म्हणाल्या.

सहाला खाडी तळाला गेली. शेतात भाताची पाती दिसायला लागली, चिखलाने लडबडलेली, आडवी झालेली. मीटर काढला आणि परत ठेवून दिला. वेणूबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकल्या नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

मधले अकरा एकर गेले. उघडं रान, त्यावर पांढरट कातडं. उरलेल्यात भात उभं आहे, काही ठिकाणी पोटरीवर, लोंबी फुटायच्या बेतात. जिताडे निम्म्याहून जास्त वाचले. व्यापाऱ्याला खरं ते सांगितलं, भाव पाडून घेतला त्याने. शिराळी शून्य.

ग्रुपवर आच्छादनाबद्दल लिहिलेलं काढून टाकणार होते. काढलं नाही, खाली लिहिलं की हे चूक होतं आणि का चूक होतं. सरांचा अंगठा अजून आलेला नाही.

दगड परत नेऊन ठेवला. आशुतोष म्हणाला, सवय झाली होती.

५ ऑक्टोबर, रविवार

आली अकरा घरं. पंचवीस-तीस माणसं, बांधावरून एका रांगेत. आदल्या दिवशी मी भाषण तयार केलं होतं, एकरी उत्पादन, पुढच्या वर्षीचा आराखडा, सगळं. पांढरी गाडी लांब उभी होती, काच बंद.

उघड्या अकरा एकरांपाशी रांग थांबली. एक तरुण म्हणाला, "यो काय उभं हाय?" मी म्हटलं, ही माझी चूक आहे, पाणी कोंडल्याची. भाषणात हे नव्हतं.

रांग उघाडीपाशी आली. मी कागद काढले. गोटीरामदादांनी हाताने थांबवलं आणि माझ्याकडे पाठ करून वेणूबाईंना विचारलं, "वेनू, रान उभं राईल का?"

सगळे तिच्याकडे वळले. मला तेव्हा कळलं. जिचा एक गुंठा नाही, तिला विचारल्याशिवाय या चौसष्ट एकरांत कोणी काही ठरवत नाही. मेमध्येही तिलाच विचारलं असणार. तिने तेव्हा काय सांगितलं होतं म्हणून मला जमीन मिळाली, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वेणूबाईंनी एक लोंबी तोडली, दाणा दातांखाली धरला. कंटेनरच्या चळतींकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता कशी सांगू? एक वरीस बगू दे तिला. मंग सांगन."

गोटीरामदादा मान हलवत म्हणाले, "मंग एक वरीस." बस. दहा नाही. माणसं आली तशी परत गेली, दोघं-तिघं जाताना मला "येतो" म्हणाले. पांढरी गाडीही गेली, पण पुढच्या वर्षी येईल, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

एक वर्ष. कोर्सच्या पहिल्या पानावर हेच होतं, सरांनी दोनदा वाचून घेतलेलं. मी पाच महिने आणि अकरा एकर घालवून तिथे परत आले. घरी येताना गाडीत रडले, मग हसले, मग टोल नाक्याच्या अलीकडे पुन्हा रडले.

निघताना वेणूबाई बोकशी धूत होत्या. म्हणाल्या, "उद्या पुनव. दुपारला ओहोटी लागंल तवा ये."

"काय आणू? मीटर, वही..."

"काय नको. वही घरी ठेव, बाय. नुसती बग."